सिसोयची काच

नाझार येफीमोविच निज्नी शहरात आगबोटीवर चढला तो नऊ पेट्या, एक तिपाई आणि भरपूर तोरा घेऊन. तोऱ्याला तसं काही कारण नव्हतं. बावीस वर्षं त्यानं आपल्या स्टुडिओत व्यापाऱ्यांचे आणि त्यांच्या बायकांचे फोटो काढले होते, तेही रंगवलेल्या हंसांच्या पडद्यासमोर बसवून. मग फोटो ज्या काचेवर उमटतो तिच्यावर बारीक पेन्सिल फिरवून त्यांच्या चामखिळी, सुरकुत्या आणि दुहेरी हनुवट्या गायब केल्या होत्या. नाझारकडे जा आणि दहा वर्षं तरुण होऊन ये, असं गावात कौतुकानं म्हणत. ते कौतुक ऐकलं की त्याला स्वतःची शिसारी येई.

पुढच्या उन्हाळ्यात निज्नीला सगळ्या रशियाचं प्रदर्शन भरणार होतं. बोटींच्या कंपनीला त्यात मांडायला व्होल्गेचा एक मोठा अल्बम हवा होता, पार आस्त्राखानपर्यंतचा, आणि काम नाझारला मिळालं होतं. टेकड्या, मठ, धक्के तो काढणारच होता. पण त्याच्या मनात वेगळंच होतं. त्या अल्बममध्ये त्याला एक चेहरा हवा होता, पेन्सिल न लावलेला, खराखुरा. पन्नाशी उलटली होती, आणि आपल्या नावावर एक तरी खरं चित्र असावं एवढीच त्याची भूक होती.

बोटीवर तो कुणालाच नको होता. त्याच्या पेट्यांना ठेचकाळून खलाशी शिव्या घालत. जेवणघरातला वाढपी त्याच्या औषधांच्या वासानं नाक मुरडी. त्याच्याशी गोड बोलणारा एकच माणूस होता, कप्तान प्रोखोर लुकिच. गोल गरगरीत, हसरा, आणि सकाळपासून कुणाला ना कुणाला काही ना काही सांगत सुटलेला. या माणसाच्या पोटात काही राहत नाही, हे नाझारला पहिल्याच तासात कळलं होतं. पण कप्तानानं फोटोच्या काचा धुवायला आपली न्हाणी दिली म्हणून नाझारनं तिकडे कानाडोळा केला.

चेहराही पहिल्याच दिवशी सापडला. बोटीचा मोठा सुकाणी सिसोय, साठीचा, ख्वालिन्स्क गावचा, जुन्या धर्माचा, म्हणजे चर्चनं बदललेल्या रीती न मानणाऱ्या पंथाचा. या लोकांबद्दल नव्यानं काय सांगायचं? दाढीला कात्री नाही, तंबाखूला स्पर्श नाही, क्रूसाची खूण दोन बोटांनी, आणि परक्यानं तोंड लावलेलं भांडं पुन्हा घरात नाही. सिसोयचा चेहरा नांगरलेल्या जमिनीसारखा होता आणि त्यातून दोन फिकट डोळे सारखे पाण्यावर लागलेले असत. नाझार धापा टाकत सुकाणूघरात चढला, घसा कोरडा पडला होता म्हणून समोरचा मातीचा पेला उचलून त्यातलं क्वास नावाचं आंबूस पेय गटागटा प्यायला, आणि मग आपलं काम सांगितलं.

सिसोयनं त्याच्या हातातून पेला काढून घेतला आणि खिडकीतून नदीत टाकून दिला.

"अरे, एवढं काय झालं?" नाझार म्हणाला.

"तू त्यातून प्यालास," सिसोय म्हणाला. "आणि चेहऱ्याचं विचारशील, तर आमच्यात चेहरा काढू देत नाहीत. खाली जा."

एवढंच. आवाजसुद्धा चढला नाही. नाझारच्या अंगाचा तिळपापड झाला. तो भिकारी नव्हता की महारोगी नव्हता; व्यापारी त्याच्या दारात गाड्या उभ्या करत. दिवसभर त्याच्या डोळ्यांपुढून तो पेला हलेना. आता फोटो काढायचाच, आणि याचाच काढायचा, असं त्यानं ठरवलं. त्यात कलेची ओढ किती आणि राग किती, हे त्यानं स्वतःलाही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी, काझानच्या अलीकडे, पाणी उथळ झालं. वाळूचे पट्टे त्या वर्षी जागा बदलून बसले होते. बोट मुंगीच्या पावलानं चालू लागली. नाळेवर, बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला, एक खलाशी पट्टे रंगवलेली लांब काठी पाण्यात खुपसून ओरडत होता, "सात वीत! सात! साडेसहा!" अशा वेळी सुकाणी चाक सोडत नाही आणि पाण्यावरची नजर काढत नाही. मागे आग लागली तरी नाही. व्होल्गेवरच्या शेंबड्या पोराला हे ठाऊक असतं, आणि नाझारलाही ठाऊक होतं.

त्यानं सुकाणूघरासमोरच तिपाई रोवली. आधी कॅमेऱ्याचं तोंड काठाकडे ठेवलं, देवळाचे घुमट काढतोय असं दाखवलं. उन्हं तिरपी झाली होती. "सहा! सहा! साडेपाच!" बोट जवळजवळ थांबली, आणि नाझारनं कॅमेरा वळवला.

सिसोयनं पाहिलं. त्याच्या जबड्याची शीर ताठ झाली, हातांच्या गाठी पांढऱ्या पडल्या. पण तोंड फिरवायचं म्हणजे पाण्यावरची नजर काढायची, आणि बोटीवर दोनशे माणसं होती. तो तसाच उभा राहिला. नाझारनं भिंगावरची टोपी काढली, मनात दोन आकडे मोजले आणि टोपी परत लावली. काचेची चपटी पेटी काखेत मारून तो आनंदानं आपल्या खोलीकडे पळाला.

पहारा संपल्यावर सिसोय खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. आत पाऊल टाकलं नाही.

"काच दे," तो म्हणाला.

"कुठली काच? मी देऊळ काढलं."

"माझे हात बांधलेले असताना तू मला लुटलंस. काच दे."

नाझार हसला. सिसोय निघून गेला. त्यानं धमकी दिली नाही, पण त्याची गरजही नव्हती. संध्याकाळपर्यंत अख्खी बोट नाझारच्या विरोधात गेली. त्याच्यापुरता चहाचा समोवर रिकामा झाला. त्याच्या मागून गेलेल्यांना सूप मिळालं आणि त्याला थंड लापशी. त्याच्या दोन पेट्या बॉयलरच्या भिंतीला नेऊन टेकवलेल्या सापडल्या. थोडा उशीर झाला असता तर आतल्या कोऱ्या काचांचा सत्यानाश होता. कुणी ठेवल्या विचारलं तर खलाशी आभाळाकडे बघत. डेकवरून जाताना त्याच्या बुटाशेजारी नेमकी थुंकी पडे. खालच्या वर्गातल्या एका बाईनं तर त्याला पाहून लेकराचं तोंड शालीखाली झाकलं.

तिसऱ्या दिवशी सिसोयनं कप्तानाला सांगितलं की तो सिंबिर्स्कला उतरणार. कप्तान धावत नाझारकडे आला. या पाण्यात सिसोयशिवाय बोट नेणं म्हणजे वाळूत घर बांधणं, असं त्याचं म्हणणं होतं.

"अहो नाझार येफीमोविच, देऊन टाका की त्याला एखादी काच," कप्तान म्हणाला. "कुठलीही द्या. तुमच्या त्या काचा मी बघितल्यात, नुसत्या दुधाळ. औषधात घातल्याशिवाय तुम्हाला तरी ओळखू येतात का? म्हाताऱ्याला काय डोंबल कळणार आहे!"

नाझारनं वाटेत टिपलेल्या मकार्येवच्या मठाची काच काढली. मठ तसाही अंधुकच आला असणार होता. सुकाणूघराच्या खाली, दहाबारा खलाशांसमोर, त्यानं ती सिसोयच्या हातात ठेवली. सिसोयनं ती उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली.

"माझा चेहरा दिसत नाही यात."

"आता दिसणारही नाही. उजेड लागला, मेली ती काच."

कप्तानाला सोंग रंगवायची हौस. त्यानं भिंतीवरची देवाची तसबीर उतरवायला हात घातला आणि म्हणाला, होऊन जाऊ दे शपथ सर्वांसमोर. नाझारच्या पाचावर धारण बसली. खोटं तो रोज बोलायचा, प्रत्येक चामखिळीमागे एक. पण तसबिरीवर ओठ टेकवून खोटं बोलायची त्याची छाती नव्हती. त्या क्षणी तो बहुधा कबूलच झाला असता.

सिसोयनंच कप्तानाचा हात धरला. "आम्ही कुणाला शपथ घालत नाही," तो म्हणाला. "माणसाचं होय म्हणजे होय, नाही म्हणजे नाही. त्यावर देवाला कशाला बोलवायचं?" मग तो नाझारकडे वळला. "ही ती काच. होय की नाही?"

"होय," नाझार म्हणाला. किती सोपं गेलं ते!

सिसोयनं काच फडक्यात गुंडाळली, कुऱ्हाडीच्या बोथट मागच्या बाजूनं फोडली आणि फडकं नदीवर झटकलं. मग त्यानं जे केलं त्याची नाझारला कल्पना नव्हती. तो समोर आला आणि कमरेत वाकला, इतका की बोटं डेकला लागली.

"माफ कर," तो म्हणाला. "दोन दिवस मी तुझं वाईट चिंतलं. तुझ्या हाताला कीड लागो, असं म्हणालो."

यावर काय उत्तर द्यायचं हे त्यांच्यातच नाही, सगळ्या रशियात ठरलेलं आहे. खलाशी वाट पाहत होते. "देव माफ करेल," नाझार म्हणाला, आणि त्याचे कान तापले.

तासाभरात त्याच्यासाठी गरम चहा आला. सिसोयनं पाठवला होता, टिनाच्या पेल्यात. परक्या माणसासाठी तो वेगळा ठेवलेला असे. कुणी थुंकेना. वाढप्यानं मानानं माशाचं डोकं वाढलं. आणि नाझारला सिसोयचा इतका राग आला, इतका की पेल्याच्या वेळीही आला नव्हता. शिवी दिली असती तर चाललं असतं. वाकायचं काय कारण होतं?

समाराच्या पुढे, भर दुपारी, कप्तानाच्या न्हाणीची खिडकी घोंगडीनं बंद करून, लाल कंदिलाच्या उजेडात त्यानं खरी काच औषधात सोडली. आधी हात उमटले, चाकावर आवळलेले. मग दाढी. मग चेहरा. काचेवर सगळं उलटं येतं, पांढरं ते काळं आणि काळं ते पांढरं, पण बावीस वर्षांत नाझार असे चेहरे सरळ वाचायला शिकला होता. असं चित्र त्यानं जन्मात काढलं नव्हतं. पेन्सिल लावायला एक कणभर जागा नव्हती. त्याला वाटत होतं, सिसोयनं निदान एकदा तरी आपल्याकडे पाहिलं असेल, द्वेषानं. पण काचेतले डोळे पाण्यावरच होते. लुटला जात असतानासुद्धा या माणसानं दोनशे लोकांवरची नजर काढली नव्हती, आणि चित्र चांगलं झालं होतं ते एवढ्याचमुळे. नाझार न्हाणीतल्या उलट्या बादलीवर बसला आणि आनंद होण्याची वाट पाहत राहिला. तो काही आला नाही.

काच त्यानं तिथेच न्हाणीत वाळत लावली. कप्तानानं डोकावून पाहिलं, टाळ्या वाजवल्या, आणि कुणाला सांगणार नाही असं आपणहून सांगितलं.

ख्वालिन्स्कच्या धक्क्यावर सिसोयचे लोक उभे होते. बातमी सिंबिर्स्कहून, मागून आलेल्या जलद बोटीनं, त्यांच्या पुढे पोचली होती. काळे लांब कोट घातलेले सातआठ पुरुष, आणि सर्वांत पुढे त्यांच्या जमातीचा वडील माणूस अकिन्फी, काठीला टेकून. बाजूला सिसोयची बायको मित्रोदोरा, हातात कापडात बांधलेली भाकरी आणि कोरा मातीचा पेला. पेला नदीत गेला हेही तिला कळलं होतं म्हणायचं. सिसोय उतरला, सर्वांना वाकला. नाझार वर कठड्याशी उभा होता. त्याला तिथून हलता येईना.

अकिन्फीनं विचारलं, चेहरा काढला गेला हे खरं का. सिसोय म्हणाला, खरं, पण चोरून काढला आणि ती काच मी माझ्या हातानं फोडली. तीच काच कशावरून, असं अकिन्फीनं विचारलं. सिसोय म्हणाला, त्या माणसानं शब्द दिला.

"परक्याचा शब्द?"

"शब्द परका नसतो, अकिन्फीदादा."

म्हाताऱ्यानं मान वर केली. सगळा धक्का नाझारकडे बघू लागला. "फोटोवाल्या, तू सांग. फुटली ती काच?"

"फुटली," नाझार म्हणाला. आणि म्हणता म्हणताच त्यानं ठरवलं. आत जायचं, आत्ताच, आणि ती फोडायची. मग हे खरंच होईल. फक्त पाच मिनिटं उशिरा खरं होईल. प्रदर्शन गेलं उडत. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला छाती भरून श्वास घेता आला. तो न्हाणीकडे वळला.

तेवढ्यात पहिल्या वर्गाच्या डेकवरून समाराच्या एका गव्हाच्या व्यापाऱ्याची बायको किंचाळली, "अगं बाई! हा तर आपला सुकाणी! पण काळा ठिक्कर!"

कप्तान प्रोखोर लुकिच कठड्याशी उभा होता. धक्क्यावर काय चाललंय याचा त्याला पत्ता नव्हता. काच दोन बोटांत कडेनं धरून तो बाईंना दाखवण्यासाठी उन्हात उंचावत होता, आणि त्याच्या गोल तोंडावर निव्वळ कौतुक होतं. धक्क्यावरून सगळ्यांना दिसली. सिसोयचा चेहरा, डांबरासारखा काळा, दाढी कोळशाची, आणि डोळ्यांतल्या बाहुल्यांच्या जागी दोन पांढरी भोकं. माणसाच्या चेहऱ्याचं चित्र म्हणजे सैतानाचा शिक्का, असं पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेल्या लोकांना आज तो शिक्का दिसत होता. बायकांनी तोंडं फिरवली. पुरुष दोन बोटांनी खुणा करू लागले.

सिसोय पाहत राहिला. 

"त्याच्या शब्दावर तू जमातीसमोर आपला शब्द ठेवलास," अकिन्फी म्हणाला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्तच वाईट वाटलं. "खोटं तुझ्या तोंडून आमच्यात आलं, सिसोय. आजपासून तुझं भांडं वेगळं, प्रार्थनेला दाराबाहेर. किती दिवस ते पुढे बघू."

सिसोय त्याच्यापुढे वाकला. मित्रोदोरानं भाकरीचं गाठोडं पुढे केलं, मग तिला आठवलं. तिनं ते नवऱ्याच्या हातात न देता फळ्यांवर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरली. कोरा पेला तिनं आपल्या शालीत गुंडाळून परत घेतला. सिसोयनं गाठोडं उचललं. नदीत पुढे वाळूचे पट्टे होते आणि बोटीवर माणसं होती. शिटी झाली तसा तो शिडी चढून सुकाणूघरात गेला.

कप्तानानं काच नाझारच्या हातात कोंबली आणि, मला काय माहीत, मला काय माहीत, असं दहा वेळा म्हणत नाहीसा झाला. खलाशी थुंकतसुद्धा नव्हते. ते नाझारकडे, तो तिथे नसल्यासारखे, पाहत होते.

तो काच घेऊन वर चढला. नाळेवर काठीवाला ओरडत होता, "साडेसहा! सहा! सहा!" सिसोय चाकाशी होता, हात तसेच, नजर तशीच. खिडकीपाशी, जिथे मातीचा पेला असायचा, तिथे आता परक्यांसाठीचा टिनाचा पेला होता. नाझार दारातच थांबला आणि कमरेत वाकला, बोटं फळ्यांना लागेपर्यंत.

"माफ कर, सिसोयदादा."

 उथळ पाण्यात सुकाणी बोलत नाही, म्हणून नाझार थांबून राहिला. मग त्यानं काच लोखंडी कठड्यावर आपटली, तुकडे गोळा केले आणि एकूणएक नदीत टाकले. तळहात कापला, तो त्यानं कोटाला पुसला.

"तीच होती ही," तो म्हणाला. "तिच्यावरून मी एकही फोटो छापला नाही. आता तुझा चेहरा कुठेही नाही. हे खरं आहे."

आणि ते खरं होतं.

"सात!" काठीवाला ओरडला. "आठ! तळ लागत नाही!" बोटीनं वेग घेतला. काठी उचलून ठेवल्याचा आवाज आला. खोल पाणी सुरू झालं होतं; आता हवं तर वळून बघता येत होतं. सिसोय वळला नाही.

"शपथ घे," तो म्हणाला.

 हेच शब्द या माणसाच्या बापाच्या, आज्याच्या तोंडून कधी निघाले नसतील. त्यानं शर्टाच्या आतून क्रूस ओढून काढला, रक्ताळलेल्या हातात धरला, देवाचं नाव घेतलं आणि शपथ घेतली.

सिसोयनं ऐकून घेतलं. विश्वास बसला की नाही ते त्याच्या पाठीवरून कळत नव्हतं. त्यानं टिनाचा पेला उचलला, दोन घोट पाणी प्यायला आणि पेला जागच्या जागी ठेवला.